वायपरच्या मोटरीची हरणी

परवा टीव्हीवर परदेशातलं एक यंत्राचं माकड दाखवलं. खऱ्या माकडांत सोडून त्यांचा अभ्यास करतात म्हणे. निवेदक म्हणाला, "जगात पहिल्यांदाच!" माझा चहा तसाच राहिला. अरे, सत्तरच्या दशकात आमच्या अनसिंगच्या माळावर यंत्राची हरणी उभी होती, तेव्हा तुझा जन्म तरी झाला होता का? आम्ही जुने बातमीदार जमलो की तिचेच किस्से निघतात. एक सांगावा तर दोन आठवतात. छापून आला तो एकच, आणि तोही चुकीचा!

*

हरणी बनवली काळे सरांनी. कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. एका हरणाने मान वर केली की सगळा कळप चरायचा का थांबतो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी आपण म्हणू तेव्हा मान हलवणारं हरीण हवं. बांबूचा सांगाडा, पोटात बॅटरी आणि भुसा, मानेत भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर. अडलं ते कातड्यापाशी. सरांनी हे कापडबाजारातल्या जैन शेठजींना सहज सांगितलं. शेठजींनी तपकिरी मखमलीचा तागा पुढे सरकवला.

"हे लावा. खोट्या हरणासाठी खरं कायले मारता, सर?"

*

पहिल्या दिवशी मोटर आडवी बसली. मान खाली-वर व्हायची ती डावी-उजवी होऊ लागली. गवत कापायला आलेल्या बाया बराच वेळ बघत राहिल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी मोटर फिरवून बसवली. तेव्हा त्यातली एक मला म्हणाली, "काल नाही-नाही म्हणे, आज हो-हो म्हणून राह्यली. सरांनी समजावलेलं दिसते."

*

आता ती छापून आलेली बातमी. मी लिहिलं होतं 'यांत्रिक हरणी'. अकोल्याच्या डेस्कवरच्या विद्वानाला ते पटलं नाही. त्याने मथळा दिला: 'हरणांसाठी यांत्रिक बुजगावणे'! मी ट्रंककॉल लावून भांडलो. तो शांतपणे म्हणाला, शेतात उभं असतं आणि हलतं, मग दुसरं काय म्हणायचं?

दोन दिवसांत सरांच्या दारात शेतकऱ्यांची गर्दी. आमाले बी एक द्या! सर घसा फोडून सांगत होते की ही हरणं पळवत नाही, उलट बोलावते. कोण ऐकतो? पेपरात छापलं होतं ना!

*

माळाला लागून सखारामभाऊंचा भाजीचा मळा आणि हरभरा होता. त्यांनी विचारलंही नाही. हरणी बैलगाडीत घातली आणि हरभऱ्यात नेऊन उभी केली. सकाळी अख्खा कळप तिच्याभोवती पोटभर जेवत होता.

भाऊ तसेच सरांकडे आले. "सर, तुमचं बुजगावणं पाव्हणे जमवून राह्यलं." सर हसले, तसे भाऊ भडकले. आता शेलूबाजारहून बंदूकवाला आणतो, म्हणाले. शिकारबंदीचा कायदा नुकताच आला होता, पण कायदा माळापर्यंत पोचायचा होता. मी तालुक्याच्या साहेबांकडे जाऊन टेबलावर हात आपटला. साहेबांनी मला चहा पाजला. सरांनी मात्र त्या दिवसापासून जेवण टाकलं. सगळ्या माळावर तेवढाच कळप उरला होता.

*

शेलूबाजारची जीप आली, पण एकदाच. पुन्हा का आली नाही, तो हा किस्सा.

उजाडलं होतं. सर आणि मी बाभळीच्या काट्यांआड बसलो होतो. हरणी पुन्हा माळावर आणून उभी केली होती आणि कळप तिच्याजवळ चरत होता. जीपमधून सखारामभाऊ आणि बंदूकवाला उतरले. बंदूकवाल्याने सगळ्यांत जवळच्या हरणावर नेम धरला, म्हणजे हिच्यावरच! बार झाला. कळप उधळला. हरणीच्या पोटातून भुसा उडाला, पण मान खाली-वर, खाली-वर. दुसरा बार. मान चालूच. सर उठायला लागले, तसं मी त्यांचं धोतर धरलं.

एवढ्यात पळालेल्या कळपातलं एक पाडस परत आलं आणि हरणीला खेटून उभं राहिलं. बंदूकवाला पुन्हा काडतूस भरू लागला. सखारामभाऊ त्या पाडसाकडे बघत होते. मग त्यांनी नळीवर हात ठेवला.

बंदूकवाल्याच्या कपाळावर घाम होता. "दोन गोळ्या लागल्या. हे पडत काहून नाही?"

भाऊ म्हणाले, "सरकारी हाये बापा. वरून ऑर्डर आल्याबिगर पडत नाही."