अण्णांच्या पायाचा तक्ता

चाकणच्या एका कंपनीत मी खरेदी विभागात आहे. पुरवठादारांची कोटेशन्स शेजारी शेजारी मांडून तक्ता करायचा, हे माझं रोजचं काम. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यभर फिटर म्हणून उभ्याने काम करून मला बी.कॉम. केलं, म्हणून ही खुर्ची मिळाली.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या पायाची बोटं काळी पडू लागली. साखरेमुळे पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. चिंचवडच्या डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. बायपास करून पाय वाचवायचा, नाहीतर गुडघ्याखाली काढायचा. बायपासचा खर्च दुपटीहून जास्त.

"गॅरंटी किती, सर?" मी सवयीने विचारलं.

"ती देता येत नाही. बायपास बंद पडला तर पाय काढावाच लागेल."

म्हणजे पहिल्या रकमेत दुसरीही धरायची का, मला कळेना.

अण्णांचं मात्र ठरलं होतं. "काढून टाका. जुन्या मशीनवर एवढा खर्च कशाला?"

मी तक्ता केला. पाय काढण्याच्या रकान्यात कृत्रिम पाय, तो काही वर्षांनी बदलणं, रिक्षा, सोबतीला माणूस, तिसरा मजला सोडून तळमजल्याचं जादा भाडं. तरी बायपासच महाग. मग पुरवठादार आधीच ठरलेला असला की ऑफिसात करतात, तसं केलं. पाय काढण्याच्या रकान्यातले आकडे फुगवले. बायपास स्वस्त झाला.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. "सोबतीच्या माणसाला पगार? तो माणूस म्हणजे तुझी आईच की."

"मग? मी काय फुकटची?" आई आतून म्हणाली.

अण्णा हसले. बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "करा बायपास."

दोन बोटं गेली, पाय राहिला. डॉक्टर अजून "बघू" एवढंच म्हणतात. परवा मी ड्रेसिंग बदलत होतो, तेव्हा अण्णांनी विचारलं, "खरा आकडा किती होता रे?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. मग हो का म्हणाले? मी मोबाइलवर फाइल उघडली. जुने आकडे पुसून त्याच जागी नवे लिहिलेले. कुठला खरा, कुठला फुगवलेला, मलाच सांगता येईना. कृत्रिम पायाचा तर उलट कमीच धरल्यासारखा वाटला.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

"बघ," म्हणत त्यांनी पाय माझ्या मांडीवर नीट टेकवला.