विरळणीचा रविवार

कापडाचे साठ थर एकावर एक रचायचे, वर खडूने आखायचं आणि सुरी एकदाच फिरवायची. शर्टांच्या कारखान्यात कात्रीकाकांनी अडतीस वर्षं हेच केलं. हात थबकला तर साठ बाह्या वाया जातात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यानंतर हात कुठेच थबकला नाही. मुलाला मारताना नाही, की दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर तिचे कपडे एका दुपारात गाठोड्यात बांधून देऊन टाकताना नाही.

निवृत्तीनंतर ते बागकाम मंडळात आले. मंडळ म्हणजे वाचनालयामागची एक खोली, चौदा माणसं, दोन लांब टेबलं आणि फळा. थंडी सरत आली की फळ्यावर काकांच्या अक्षरात सूचना उमटत. जुनी माती वापरण्याआधी चार दिवस कडक उन्हात तापवा, नाहीतर तणाचं बी जिवंत राहतं. पाणी घालण्याआधी बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर झारी खाली ठेवा. आधी येणारी दोन पानं बियाण्याची, त्यांच्यावर भरवसा नको. पुढची दोन आली की विरळणी करा. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: कीव म्हणजे कीड.

विरळणीची पद्धतही त्यांचीच. स्वतःची रोपं उपटताना प्रत्येकाचा हात कच्चा पडतो, म्हणून वसंतातल्या पहिल्या रविवारी ज्याने त्याने आपला ट्रे आणायचा आणि डावीकडच्या शेजाऱ्यापुढे सरकवायचा. त्याने जोमदार तेवढी ठेवायची, बाकीची उपटून मधल्या बादलीत टाकायची. बादलीत चुन्याचं पाणी असे. कोणी नंतर गुपचूप वेचून नेऊ नये म्हणून. ट्रे न आणणाऱ्याला वर्षभर मंडळात जागा नाही. काकांनी दोघांना असं दारातूनच परत पाठवलं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्यापुढे शाळेतल्या बाईंचा ट्रे आला. बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेला भाऊ. त्यानेच थरथरत्या हाताने बी पेरलं होतं, त्यामुळे सगळी रोपं एकाच कोपऱ्यात दाटली होती. काकांनी मूठ भरून उपटली.

"थोडी राहू द्या हो काका," बाई म्हणाल्या, "तो रोज मोजतो."

"दहापर्यंत येतं ना मोजता? मग पुरे."

खोली हसली. बाईसुद्धा हसल्या, दोन ओठांपुरत्या. भावाने त्यानंतर मातीला हात लावला नाही.

या वर्षी सून शिवणयंत्राच्या खणात बटण शोधत होती, तेव्हा तिला एक पुडी सापडली. वर सासूच्या अक्षरात लिहिलं होतं, 'निळे'.

"बाबा, आईंचे अ‍ॅस्टर!"

अ‍ॅस्टरचं बी दोन वर्षांत मरतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी पुडी झटकून सगळं पेरलं. माती बायकोच्याच तडकलेल्या कुंडीतली घेतली, आणि ती तापवली नाही. चार दिवस उन्हात भाजलेली माती तिची राहिली नसती, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. पण हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. त्या वसंतात त्यांनी दुसरं काहीच पेरलं नाही.

पाच रोपं आली. चार दोऱ्यासारखी, फिकट. पाचवं टणक आणि हिरवंगार. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पानाची घडण बाकी चारांहून वेगळी दिसली आणि ते तण असल्याचं काकांनी ओळखलं. बोटं खाली नेली. तिच्या मातीतून पाच उगवली होती. चार म्हणायला जीव होईना. हात थबकला.

रविवारी ते निर्धास्त गेले. त्यांच्या डावीकडे दरवर्षी औषधवाले बसत आणि काकांच्या भुवयांकडे बघत चिमटा चालवत. या वर्षी त्या खुर्चीत बाई होत्या.

"सरकवा ना काका."

काकांनी ट्रे सरकवला. मग अगदी हळू म्हणाले, "ही हिची आहेत. शेवटची."

बाईंनी ऐकलं. चष्मा पुसला, ट्रे उजेडाकडे फिरवला. मग चिमट्याने एकेक करत चारही फिकट रोपं मुळासकट अलगद उचलून त्यांनी तळहातावर ठेवली.

"जोमदार तेवढं ठेवलं."

औषधवाले वाकले. "अहो बाई, हे तर तण आहे!"

"काकांच्या मातीत तण? काहीतरीच काय!" बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "काका माती तापवतात. तापवली होती ना, काका?"

बाईंनी हात बादलीवर धरला आणि आवाज उतरवला. "नव्हती तापवली, एवढंच म्हणा. तण उपटते, ही चारही परत लावते. अजून ओली आहेत मुळं."

समोर फळा होता. पहिलीच ओळ. तेरा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यातला एकेक कधी ना कधी या टेबलाशी मान खाली घालून बसलेला. काकांनी तळहाताकडे पाहिलं. एका रोपाचं पान आत्ताच कडेने वळायला लागलं होतं.

"तापवली होती," काका म्हणाले.

बाईंनी हात उलटा केला.

घरी सून दारातच उभी होती. "किती राहिली आईंची?"

काकांनी ट्रे तिच्या हातात दिला. "एक."

ती खाली वाकली. तिला झाडांतलं काही कळत नव्हतं. "एक तरी राहिलं. आणि काय गुटगुटीत आहे हो, बाबा!" तिने ते खिडकीत सासूच्या तडकलेल्या कुंडीत लावलं. रोज सकाळी बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसून बघू लागली, काका मंडळात सगळ्यांना सांगत तसं. रोप तिच्या ढोपराएवढं वाढलं.

"बाबा, निळी कळी कधी येईल?"

"येईल," काका म्हणतात, आणि खिडकीकडे पाठ करून बसतात.