चार टायरचा फरक

कोपरीतल्या त्या टायरवाल्याला नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही. तो नमस्कार वगैरे करत नाही. गाडीपाशी उकिडवा बसतो, टायरवरून तळहात फिरवतो आणि येईल त्या गिऱ्हाइकाला झापतो. "महागातले घेतलेत ना साहेब? मग हवा कोण बघणार?" एकदा मी कौतुकाने सांगितलं, की माझे स्वस्तातले टायर पाच वर्षं टिकलेत. तो म्हणाला, "टायरचं नको, नशिबाचं कौतुक करा. ओल्या रस्त्यावर कधी जोरात ब्रेक मारलाय का?"

परवा त्याने तेच चार टायर काढले, नवे चढवले. तेवढ्यात जुने टायर गोळा करणारा एक जण आला. ही माणसं गुळगुळीत टायरवर खाचा कोरून ते पुन्हा विकतात. ह्याने त्याला उभंही केलं नाही.

तो गेल्यावर मी म्हणालो, "तो दुसरीकडून घेईलच की. तुम्ही नाही दिलेत म्हणून काय फरक पडणार?"

त्याने सुरा घेतला आणि माझे चारही टायर बाजूने आरपार कापले. मग मान वर न करता म्हणाला, "चार टायरचा."