पहिल्या पाण्यात मीठ

निजामाच्या साऱ्या मुलखात अंग पुसणे ही एक विद्या आहे असे मानणारा एकच माणूस होऊन गेला, आणि माझे नशीब असे की तो नेमका माझा साडू निघाला. उमापुरात त्यांची चांगली काळीभोर जमीन होती, दावणीला बैल होते, घरात शहाणी बायको होती, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू, आणि सोना नावाची एकुलती एक मुलगी होती. एवढे सगळे असताना माणसाने सुखाने पंच्याला अंग पुसावे आणि जेवायला बसावे. पण साडू एकदा कुणाच्या तरी लग्नासाठी जालन्याहून रेल्वेत बसून हैदराबादेला गेले, तिथे यजमानांच्या मऊ लवेच्या टुवालाने त्यांनी तोंड पुसले, आणि आम्हा आप्तांचे सुख त्या टुवालात पुसले गेले. येताना त्यांनी लाल काठांचे अर्धा डझन टुवाल आणले. बायकोला लुगडे नाही, मुलीला बांगड्या नाहीत, नुसते टुवाल.

नव्या कापडाची घडी आपल्याकडे आवडत्या माणसाच्या हातून मोडतात. त्याप्रमाणे सोनाने पहिल्या टुवालाची घडी मोडली, साडूंनी आंघोळ करून तो अंगाला लावला, आणि पाणी होते तिथेच राहिले. नव्या कापडात खळ असते, दोनचार धुण्यांत ती निघून जाते आणि कापड पाणी टिपू लागते, हे उमापुरातले शेंबडे पोरही सांगेल. साडूंनी मात्र असा शोध लावला की टुवाल अजून अडाणी आहे, त्याला पाणी प्यायला शिकवले पाहिजे. "त्याला वळण लावावं लागतं," ते मला गंभीरपणे म्हणाले, "पोरासोरावानी." झाले, शिकवणी सुरू झाली. पहिल्या पाण्यात मीठ, म्हणजे लाल काठ रंग सोडणार नाही. मग रिठ्याचा फेस, तोही कोमट. पिळायचे नाही, दोन तळव्यांत धरून दाबायचे. मग झटकायचे, म्हणजे लव मोकळी होते. मग सावलीत वाळत घालायचे, कारण साडूंच्या मते उन्हाने टुवाल चिडतो. परटाला त्यांनी टुवालांच्या वाऱ्यालाही उभे राहू दिले नाही. ज्या गृहस्थाने जन्मात स्वतःचे धोतर पाण्यात बुडवले नव्हते, तो भर चैत्रात विहिरीवर बसून टुवाल दाबतो आहे आणि पाणी शेंदायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसताहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. मला पदर नव्हता, म्हणून मी उघड हसलो.

बरे, एवढे करून तरी टुवाल वापरावा की नाही? छे! "अजून कच्चा हाय," हे उत्तर ठरलेले. घरातली माणसे जुन्या धोतराच्या फडक्यांनी अंग पुसत आणि टुवाल ओसरीवरच्या दोरीवर जहागीरदारासारखे लोळत. पाहुणा आला की मात्र एक टुवाल खाली उतरे आणि त्याच्यामागोमाग साडू हजर होत. "चोळू नका, पाव्हणं. टेकवा. टेकवा आन् उचला." एका भल्या माणसाला त्यांनी या उपदेशापायी इतका वेळ उभे केले, की त्याचे तोंड वाऱ्यानेच वाळले. इथवर गंमत होती. पण सोनाला बघायला आलेली दोन स्थळे याच पायी हातची गेली. एका मुलाच्या चुलत्याने टुवालात नाक शिंकरले, तेव्हा साडूंनी टुवाल त्याच्या हातातून हिसकावून घेतला. दुसऱ्या पाहुण्यांना त्यांनी पाय पुसू दिले नाहीत. मुलीचा बाप वेडा आहे, अशी बोलवा थेट गेवराईपर्यंत गेली, आणि बिचारी सोना कुणी आले की आतल्या खोलीतून बाहेर येईनाशी झाली. त्या माणसाचा मला खरोखर संताप येत असे.

म्हणून नांदूरघाटचे पाहुणे यायचे ठरले तेव्हा अक्कांनी मला बीडहून मुद्दाम बोलावून घेतले. "हे बी स्थळ गेलं तर माझ्या लेकीला कोण करून घेईल, सांगा," त्या मला म्हणाल्या, आणि माझ्यादेखत नवऱ्याकडे वळल्या. "टुवालाबद्दल एक अक्षर काढलंत, तर मी जी माहेरी जाईन ती परत यायची न्हाई." साडूंनी मान डोलावली. त्या मानेवर माझा काडीचा भरवसा नव्हता.

दुपारी पाहुण्यांची दोन बैलांची दमणी दारात थांबली. मुलाचे वडील खाली उतरले, उन्हाने रापलेला, बोलायला थोडा असा म्हातारा. त्यांनी हातपाय धुतले, सवयीने हात आपल्याच धोतराला पुसले, आणि साडूंनी दोन्ही हातांवर आडवा धरलेला टुवाल घेऊन ते सरळ आपल्या बैलांकडे चालते झाले. टुवाल बादलीत बुचकळला. एका बैलाचे डोळे पुसले, नाकपुड्या पुसल्या, तोंडाचा फेस पुसला. पुन्हा बुचकळला, करकचून पिळला, आणि जू घासून सोलवटलेल्या त्याच्या मानेवर हळूच ठेवला. "लई मऊ हाय हो," म्हातारा म्हणाला. "बैलाच्या डोळ्याला असंच पायजे."

साडूंचे ओठ हलले. आतून अक्कांच्या बांगड्या वाजल्या. मी मनातल्या मनात तिसऱ्या स्थळावरही पाणी सोडले. साडूंनी ओसरीवर जाऊन दोरीवरचा दुसरा टुवाल काढला आणि म्हाताऱ्यापुढे धरला.

"बैल दोन हायती," ते म्हणाले. "एकच फडकं दोघांना कशाला?"

त्याच दिवशी सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर मी अर्थातच त्यांना टोचले, "काय हो साडूबुवा, टुवाल पिळला की त्यानं! आणि तुम्ही गप्प?" ते बादलीशी बसून ते दोन टुवाल पाण्यात नुसते फिरवत होते. "सोना त्या घरी जाणार हाय," ते म्हणाले. "बैलाचे डोळे असे पुसणारं घर मी दुसरं कुठं हुडकू?"

लग्नात त्यांनी चांगले टुवाल सगळे सोनाच्या पेटीत घातले, आणि बैलांचे पिवळट डाग पडलेले तेवढे मागे ठेवले. मुलगी सासरी जाताना बाप काय सांगतो? सासूचे ऐक, सगळ्यांना धरून राहा. आमचे हे गृहस्थ गाडीच्या चाकाशी चालत शिवेपर्यंत गेले आणि सांगत राहिले, "पहिल्या पाण्यात मीठ. पिळायचं न्हाई, सोने. सावलीत वाळू घाल." वऱ्हाडी हसत होते. सोना रडत रडत प्रत्येक वेळी "व्हय, आबा" म्हणत होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी उमापूरला गेलो. ओसरीवरची दोरी रिकामी होती. एक डागाळलेला टुवाल अंगणाच्या भिंतीवर भर उन्हात पडला होता, पापडासारखा कडक. साडूंनी तोंड धुतले, त्या टुवालाने ते खसाखसा चोळले आणि तो पुन्हा भिंतीवर भिरकावून दिला. "काय, झाला का पक्का?" मी विचारले.

"झाला की. आता लई पाणी पितो," ते ओसरीच्या पायरीवर बसत म्हणाले. "पण आता कोण येतंय पुसायला."

इतकी वर्षे ज्या माणसाला हसत आलो, त्याला असा बसलेला पाहणे मला जमेना. मला रागच आला. मी उठलो, भिंतीवरचा टुवाल काढला आणि ओसरीवर सावलीतल्या दोरीवर टाकू लागलो.

"अवं पाव्हणं, तसाच नका टाकू," पाठीमागून आवाज आला. "आधी झटका."

मी झटकला. त्यांचे समाधान होईपर्यंत झटकला.