हर्मिसची काठी

कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या भिंतीवर पेंटर काठी रंगवत होता. तिला दोन साप आणि वर पंख.

"एकच साप हवा," मी म्हणालो. "ग्रीकांच्या वैद्यदेवाच्या काठीला एकच असतो. ही हर्मिसची काठी."

"डॉक्टरच म्हणाले, दोन काढ, उठून दिसतात."

उठून दिसतात! माझं डोकंच फिरलं. हर्मिस व्यापाऱ्यांचा देव, चोरांचाही. जन्मल्या दिवशीच यानं भावाची गुरं पळवली आणि वर बापासमोर साळसूदपणे थापा मारल्या. मेलेल्यांना पाताळात पोचवायचं कामही त्याचंच.

गेल्या वर्षी आई याच दारातून चालत आत गेली. "काही काळजी नको," डॉक्टर तिच्याकडे न बघताच म्हणाले होते. ती बाहेर आली चादरीखाली.

"मग एक साप पुसू का?" पेंटरनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "देव बरोबर निवडलाय."