पाय टेकला

"पाय टेकायलाय गे, काय करू? माझ्या पायाला अक्कलच न्हाई," सुनंदाबाई म्हणाल्या आणि मान वर न करता सुईत दोरा ओवू लागल्या.

"पायाचं ऱ्हाऊ दे अक्का. माझंच शिकवणं कुठंतर चुकायलंय." शिवलीला ब्लाउजची वाट बघत स्टुलावर बसली होती. "सात वर्सांत माझी एक बाई नापास झाली न्हाई. तूच पैली. उद्या सकाळी रांगोळीचा आठ स्वल्प मोठा काढते. सरी?"

"सरी," सुनंदाबाई म्हणाल्या. दोरा मात्र काही ओवला जाईना. कारण पाय टेकलाच नव्हता. तीन आठवड्यांमागंच बाई स्कूटरच्या परीक्षेत पास झाल्या होत्या आणि घरी-दारी कुणालाच तसं बोलल्या नव्हत्या.

होसकोट्यात पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान. शिंप्याचं घर, कैक पिढ्या कन्नड मुलखात मुरलेलं. मराठी उंबऱ्याच्या आत, कन्नड उंबऱ्याबाहेर. छप्पन्न वर्षांतली चाळीस मशीनच्या पायडलवर गेली. सून दिव्यश्री व्हाइटफील्डला नोकरीला जायची. ती एकदा चिडवून म्हणाली, "अत्ते, पाय एवढे मारता, पण पोचता कुठं?" सासूला ते झोंबलं आणि तिनं स्कूटर शिकायचं काढलं.

बायकांना गाडी शिकवणारी शिवलीला बेळगावाकडची, मराठी बोलणारी. रोज सहाला ती मोकळ्या प्लॉटवर रांगोळीनं भला मोठा आठ काढायची. पाय न टेकता त्या आठावरनं फिरायचं, हीच परीक्षा. पण बाईंची खोड शिंप्याची. मशीन थांबवायचं ते चाकावर हात ठेवून, म्हणून गाडी थांबवायची झाली की उजवा हात ब्रेकची मूठ सोडून हवेत चाक शोधायचा. दोनदा झुडपात शिरल्या, एकदा शेणात. शिवलीला पोट धरून हसायची, आणि कपडे झाडत याही. सहा महिन्यांत आठ जमत आला तशी बाईंना भीती वाटायला लागली.

परीक्षेला शिवलीला आरटीओच्या फाटकाबाहेर थांबलेली. आत साहेब म्हणाले, पास. बाहेर येईस्तोवर बाईंच्या डोक्यात एकच : उद्या सहाला काय? गाडी घेऊन जायचं तर कुठंच नव्हतं, दुकान उंबऱ्यातच. शिवलीलेनं विचारलं आणि तोंडातनं निघून गेलं, "पाय टेकला."

तेव्हापासनं ती बिचारी जास्तीच्या फेऱ्या मारून घ्यायची आणि स्वतःलाच दोष द्यायची. बाईंना आठ गोड लागायचा आणि घरी आल्यावर घास कडू.

आताही दोरा ओवला गेला नव्हता, तेवढ्यात पोस्टमन दारात आला. लांबट पाकीट. शिवलीलेनंच ते घेतलं. असली पाकिटं तिनं शेकड्यानं पाहिलेली. वरनं बोटानं चाचपूनच तिला कळलं.

"लायसन हाय हे."

सुनंदाबाईंचे कान तापले. सुई, दोरा, सगळं मांडीवर पडलं. "व्हय. पास झाले होते. त्याच दिवशी."

"मग मला का..."

"शिकायचं संपलं असतं गे."

शिवलीलेनं पाकीट मशीनवर ठेवलं. "माझ्या बायका ईचारायल्यात, तुझी अक्का का नापास झाली म्हणून. मी सांगायले, माझी चूक." मग हात पुढं केला. "ब्लाउज दे."

"हुक राहिल्यात."

"माझं मी लावते."

सुनंदाबाईंना चुकलं म्हणायचं होतं. त्यांनी नुसता ब्लाउज घडी करून दिला. पायरी उतरताना शिवलीला मागं न बघता म्हणाली, "उद्या सहाला नव्या दोघी शिकायला येणार हाईत. आठावरनं कसं फिरायचं ते त्यांना तू दाखव. पाय टेकला न्हाई, हेबी तूच सांग."

दोघींसमोर ते कसं बोलायचं, तेच बाईंच्या डोक्यात फिरत राहिलं. मग त्यांनी पाकीट खणात टाकलं, दुसरा ब्लाउज ओढला आणि मशीन सुरू केलं. बाहीच्या टोकाशी थांबायचं होतं. चाकावर जायचा तो उजवा हात ब्रेक दाबल्यासारखा हवेतच मूठ वळून बसला आणि टीप खुणेपुढं चार बोटं पळाली.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि टीप उसवायला लागल्या.