डावीकडे बकुळ

माझं माहेर सटाण्याचं, कोरडं ठणठणीत. सासर इगतपुरीचं, तिथे चार महिने गोधडीसुद्धा वाळत नाही. एकीकडे पाण्याचा थेंब जपला, दुसरीकडे कपाटातल्या लग्नाच्या शालूला बुरशी आलेली पाहिली. त्यामुळे आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाल्यावर नाशकात इंदिरानगरला आम्ही छोटं रो-हाउस घेतलं, तेव्हा पहिल्याच सकाळी अंगणात उभी राहून मी जाहीर केलं, की आता इथून मला चौघांच्या खांद्यावरूनच न्यायचं. हे म्हणाले, "आधी सामान तर लाव."

आमची गल्ली तशी लहान. दोन्ही बाजूंना घरं आणि प्रत्येकाने आपल्या फाटकाशी हौसेने लावलेलं एक तरी झाड. ती झाडं आता घरांपेक्षा उंच झालीत. मोठ्या रस्त्यावर ऊन मी म्हणत असतं, पण आमच्या वळणावर आलं की डोक्यावरचा पदर आपोआप खाली येतो. माणसंही मजेची. कंपाउंडवर 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावतील आणि त्याच कंपाउंडवरून शेजारणीला ओंजळभर फुलं देतील. शेवग्याला शेंगा लागल्या की मालक स्वतः घरोघर वाटत फिरतो, वर आमटीत गूळ किती घालायचा तेही सांगतो. दुपारी दोन ते चार मात्र कोणाची बेल वाजवायची नाही. तो इथला सर्वात मोठा गुन्हा. मला हे सगळं फार आवडतं.

एकच खोट होती. मंडई लांब, बँक लांब, दवाखाना तर फारच लांब, आणि रिक्षावाले आमच्या गल्लीपर्यंत आत यायला कां-कूं करायचे. घरात गाडी असली तर हा स्वर्ग, नाहीतर वनवास. पण ह्यांची दुचाकी होती, तेव्हा मी कधी विचारच केला नाही.

हे रेल्वेत ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, पण ह्यांना ड्रायव्हरच आवडतं. ड्रायव्हरचे डोळे रेल्वे सारखी तपासत असते आणि जरा कमी पडलं की इंजिनावरून खाली उतरवते. ह्यांना कधी कोणी उतरवलं नाही. त्या डोळ्यांचा केवढा ताठा होता! भाजीत केस निघाला तर तो ह्यांनाच आधी दिसायचा. आणि निवृत्तीनंतर काही वर्षांतच काचबिंदूने त्या डोळ्यांना गाठलं. आम्हाला कळलं तोवर बाजूचं दिसणं गेलं होतं आणि समोरचं धूसर होत चाललं होतं. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते थेंब टाकून जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी चालवणं बंद झालं.

मुलगा पुण्याला असतो. चांगला आहे, काळजी करतो, पण त्याची काळजी नेहमी निर्णय सोबत घेऊनच येते. फोनवर म्हणाला, "आई, बाबांना दर महिन्याला डॉक्टरकडे न्यावं लागणार. तुमच्यापैकी गाडी चालवणारं कोणी नाही. घर विकू आणि तुम्ही दोघं इकडे या. माझा फ्लॅट बाराव्या मजल्यावर असला तरी लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. मी मार्चमध्ये येतो, मग ठरवू."

त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही दोघं म्हणाल तसं." मला रागच आला. घर सोडायची वेळ आली आणि हा माणूस सोफ्यावर बसून तुम्ही म्हणाल तसं म्हणतो! म्हणजे इथे राहायची हौस एकट्या माझीच होती तर.

मग मी ठरवलं. गाडी चालवणारं कोणी नाही, एवढंच ना? मी चालवते. सटाण्याला शाळेत असताना सायकल चालवली होती, तेवढंच माझं भांडवल. साठी चार पावलांवर आली होती. शिकाऊ परवाना काढला आणि भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, गाडी बाहेर काढली.

मास्तर अर्थातच हे. फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "ब्रेक अन् रेस एकदम दाबू नको! लय घाई करती तू!" आणि ह्यांचा एक नियम होता. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की असिस्टंट तो मोठ्याने सांगतो आणि ड्रायव्हर तोच मोठ्याने परत म्हणतो. दोघांच्या तोंडून निघालं म्हणजे दोघांनी पाहिलं. तसं मीही रस्त्यात दिसेल ते मोठ्याने पुकारायचं.

मी म्हटलं, "अहो, ही काय मेल गाडी आहे?"

"चाकं हायेत ना तिला? मग पुकारायचं."

पहिल्याच आठवड्यात मी "डावीकडे मेंदीचं कुंपण!" असं पुकारलं, पुकारताना तिकडे पाहिलं आणि जिकडे पाहिलं तिकडेच गाडी गेली. कुंपण समोरच्या निवृत्त बाईंचं. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि अजून सगळ्या गल्लीला वर्गच समजतात. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप, अशा बाहेर आल्या. मेंदीत अडकलेली मी त्यांना नमस्कार कसा करू हेच मला सुचेना. त्या म्हणाल्या, "पाडायला हरकत नाही, पण चारनंतर पाडत जा."

दुसऱ्या दिवसापासून मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोनच्या ठोक्याला रस्त्याकडेच्या मोटारी ज्याच्या त्याच्या अंगणात गेलेल्या असायच्या. मला सरळ मोकळा रस्ता. कोणी सांगितलं नाही, कोणी त्याबद्दल बोललंही नाही. अशा लोकांना सोडून मी बाराव्या मजल्यावर काय करणार होते?

पक्का परवाना मिळाला. हे हेल्मेट घालून पहिल्यांदा मागे बसले आणि ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात भर रस्त्यात असा हात कधी ठेवला नव्हता, मलाच लाजल्यासारखं झालं. मी पुकारलं, "समोर गतिरोधक." मागून आवाज आला, "समोर गतिरोधक." "उजवीकडे कुत्रं, झोपलंय." "उजवीकडे कुत्रं, झोपलंय." इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून बघत राहिला.

पुढच्या गल्लीत रहदारी नव्हती, म्हणून मी गप्प झाले. थोड्या वेळाने हे म्हणाले, "का गं, काय नाय का?"

"काही नाही. नुसती झाडं आहेत."

"मग ती सांग की."

आता आली का पंचाईत! इतकी वर्षं मी या हिरवाईचं कौतुक येईल त्या पाहुण्याला ऐकवत होते आणि मला नावं येत होती फक्त कडुनिंब, आंबा आणि अशोक. बाईंकडे गेले. त्यांना तर हर्ष झाला. संध्याकाळी मला गल्लोगल्ली हिंडवून झाडं दाखवायच्या आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायच्या. मग मी पुकारू लागले. "डावीकडे बकुळ, खाली सडा पडलाय." "उजवीकडे कांचन, पानं थोडी, फुलंच फार." "समोर कडुनिंब, नवी पालवी, तांबूस." हे प्रत्येक वाक्य परत म्हणायचे, अगदी सावकाश, इंजिनात म्हणत असतील तसं. कधी विचारायचे, "परवाच्या त्या बहाव्याला कळ्या आल्या का?" आल्या नसतील तर मी खोटं सांगायची नाही. पुकारण्यात खोटं चालत नाही, हेही ह्यांनीच शिकवलेलं.

खरं सांगते, मी ही कॉलनी तोवर पाहिलीच नव्हती. हिरवं म्हणून एक ढोबळ काहीतरी पाहिलं होतं. ह्यांच्यासाठी एकेक झाड निवडून सांगायला लागले तेव्हा कुठे मला आपण किती देखण्या जागी राहतो ते कळलं.

मार्चमध्ये मुलगा आला. मी गाडी शिकले हे त्याला फोनवर सांगितलं होतं. त्याने "हो का, छान" म्हटलं होतं, लहान मुलाचं चित्र पाहून म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ होती. मी किल्ली घेतली तर म्हणाला, "राहू दे आई, आज बाबांना मी नेतो." रात्री त्याने मला फोनवर फ्लॅटचे फोटो दाखवले होते आणि फार छान आहेत असं मीही म्हटलं होतं. दोघं गेले. मी त्याच्या आवडीची भरली वांगी करायला घेतली आणि माझं त्यात लक्ष नव्हतं.

दीड-दोन तासांनी आले. हे सोफ्यावर बसले. मी पाणी देत विचारलं, "कसं काय?"

"चालवतो चांगलं. एक खड्डा लागू दिला नाय."

मुलगा हसला. मग हे म्हणाले, "पण मला काय दिसलं नाय."

मुलगा एकदम घाबरला. "काय सांगता बाबा? आत्ताच तर डॉक्टर म्हणाले डोळ्यांचं प्रेशर ठीक आहे! मग तिथेच का नाही बोललात?"

"डोळ्याचं नाय रे. तू काय सांगतच नव्हता. कुठनं नेलं, कुठनं आणलं, मला पत्ता नाय. तुझी आई नेती तवा मला सगळी गल्ली दिसती." हे पेला दोन्ही हातांनी धरून बसले होते. मग पुढे म्हणाले, "पोरा, तुझ्या फ्लॅटला नाव ठेवत नाय मी. पण मला इथनं हलवू नको."

डोळे अधू झाल्यापासून ह्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मी तिथेच, मुलासमोर, पदर डोळ्यांना लावून रडले. मुलगा ह्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "नाही हलवणार."